परीदार

परीदार : इमारतीच्या भिंतीत, जोत्यालगत किंवा झाडाच्या बुंध्याशी बसवलेले वीतभर किंवा त्याहून लहान दार. ते परीच्या घराचे आहे असे मानायचे आणि कोणी बसवले हे विचारायचे नाही, एवढाच या खेळाचा नियम. चौकट, उंबरा, बिजागरी, मूठ असे सगळे त्यात असते. काही दारे उघडतात आणि आत आणखी एक दार दिसते. बरीचशी कायमची बंद असतात.

सार्वजनिक जागी अशी दारे लावण्याची हौस अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर शहरामुळे गाजली. जोनाथन राइट या चित्रकाराच्या घरात १९९३ पासून असे दार होते. ७ एप्रिल २००५ रोजी ‘स्वीटवॉटर्स’ या कॉफीच्या दुकानाशी पहिले सार्वजनिक दार दिसले आणि मग शहरभर दारे उगवू लागली. राइट स्वतःला परीतज्ज्ञ म्हणवून घेत आणि दारांचे श्रेय परींनाच देत. राइट यांचे खरे कसब नकलेत आहे : दुकानाचे मोठे दार जसे, तसेच शेजारचे छोटे. सार्वजनिक ग्रंथालयातले दार तर परीकथांच्या कपाटात आहे. लोक दारांपुढे नाणी, गोळ्या, चिठ्ठ्या ठेवतात.

पुढे अटलांटात २०१४ पासून सुमारे सात इंची दारे लागली. स्वीडनमधील माल्मो येथे २०१६ च्या अखेरीस एका अनामिक गटाने उंदरांसाठी फुटपाथलगत त्यांच्याच मापाचे दुकान थाटले. इंग्लंडमधील वेफर्ड वनात मात्र हौस इतकी वाढली, की २०१५ मध्ये विश्वस्तांना नव्या दारांना आवर घालावा लागला. झाडागणिक दार झाले की शोधायचे काय?

हा खेळ जिथे परीची भीती सरली तिथेच रंगतो. आयर्लंडमध्ये परींच्या धाकाने एकाकी काटेझाड तोडायला लोक कचरत. आज तिथेच परीदारे खेळणी म्हणून विकली जातात. विदर्भात तसे झालेले नाही. विहिरी-तलावांच्या काठच्या साती आसरा या जलदेवताच, पण त्यांच्याशी कोणी खेळत नाही. शेंदूर लावतात, नवस बोलतात, मुलांना पाण्यापासून दूर ठेवतात. गावोगावच्या मातामाय या ग्रामदेवतेच्या ठाण्यांपुढेही हात जोडले जातात. नागपुरात महाल या भागातल्या एखाद्या भिंतीच्या बुडाशी इवलीशी चौकट लावली, तर आठवड्याभरात तिथे हळदकुंकू पडेल आणि उदबत्ती लागेल, असे मानायला हरकत नाही.

लहान आकाराचा निखळ खेळ नागपूरकरांकडे आहे तो तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले झूल, बाशिंग, घुंगरांनी सजवलेले लाकडी नंदी ओढत घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, घेतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केल्याचे सांगितले जाते. खऱ्या बैलाचा एकही साज इथे वगळलेला चालत नाही, आणि परीदाराचेही तसेच आहे : बिजागरी खोटी वाटली की मूल ओळखते. फरक इतकाच, की नंदी मिरवायचा असतो, दार लपवायचे.

दार टिकवायला नागपूरचे हवामान कठीण. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की लाकूड तडकते, पावसाळ्यात फुगते, वाळवी आहेच. त्याहून मोठा धोका खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, पिचकारीचा. भिंतींवर देवांच्या फरशा उगाच लावत नाहीत. त्यामुळे वाचनालयाचे कपाट, शाळेचा व्हरांडा, दुकानाची आतली बाजू या जागा बऱ्या. बाहेरच लावायचे तर जमिनीपासून दोन हात वर लावावे. तिथे पिचकारी कमी पोहोचते आणि ते पाच वर्षांच्या मुलाच्या नजरेच्या जेमतेम खाली राहते.