हॉर्न बेट आणि वॉल्टर अँडरसन : एका समुद्रप्रेमाची पार्श्वभूमी

अमेरिकन चित्रकार वॉल्टर अँडरसनचं नाव निघालं की लोक हमखास वादळाची गोष्ट सांगतात. सप्टेंबर १९६५ मध्ये बेट्सी हे चक्रीवादळ मेक्सिकोच्या आखातात शिरलं, तेव्हा बासष्टीला टेकलेला हा चित्रकार मिसिसिपीच्या किनाऱ्यासमोरच्या हॉर्न बेटावर एकटाच होता. वाऱ्याचा जोर अंगावर घेता यावा म्हणून त्याने स्वतःला झाडाला बांधून घेतलं, असं म्हणतात. गोष्ट थरारक आहे, त्याच्या स्वभावाला साजेशीही आहे. पण तिच्या झगमगाटात अँडरसन नुसता 'वादळात शिरणारा वेडा' होऊन बसतो आणि त्यामागची चाळीस वर्षांची मेहनत झाकली जाते. समुद्रातल्या जिवांशी त्याचं जे नातं जुळलं, त्याची मुळं घरात आणि कुंभारकामात आहेत, असं माझं ठाम मत आहे.

जन्म १९०३ चा, न्यू ऑर्लिन्सचा. वडील धान्याच्या निर्यातीच्या व्यापारात. आई ॲनेट स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेली. तिन्ही मुलांनी हाताने काही घडवावं, हा तिचा आग्रह. पुढे कुटुंब मिसिसिपी राज्यातल्या ओशन स्प्रिंग्ज या किनाऱ्यावरच्या गावी आलं. थोरला भाऊ पीटर याने १९२८ मध्ये तिथे 'शिअरवॉटर' हा मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला. नावही एका समुद्रपक्ष्याचं. वॉल्टर तेव्हा फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया अकॅडमीत शिकत होता. तिथल्या शिष्यवृत्तीवर तो फ्रान्सला गेला आणि तिथल्या गुहांमधली आदिम प्राणिचित्रं त्याच्या मनावर कायमची कोरली गेली.

परत आल्यावर पोटासाठी काम मिळालं ते भावाची भांडी रंगवण्याचं. हा काळ चरित्रांमधून फार भराभर उरकला जातो. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कच्च्या भाजलेल्या मातीवर कुंचला टेकला की रंग तिथेच शोषला जातो. खोडायची, पुसायची सोय नाही. बशी गोल, बरणीला पोट, त्यामुळे मासा काढायचा तर त्याच्या पाठीचा बाक भांड्याच्या बाकाशी जुळवावाच लागतो. त्याच सुमारास मेक्सिकोच्या अडोल्फो बेस्ट मोगार्ड या चित्रकाराची पद्धत त्याने आत्मसात केली. तिच्यात सात मूळ आकार आहेत : मळसूत्री वळण, वर्तुळ, अर्धवर्तुळ, दोन अर्धवर्तुळांची उलटसुलट जोड, नागमोडी रेघ, नागमोडीच पण कोनांची रेघ आणि सरळ रेघ. आता एखादा शंख डोळ्यांसमोर आणा, लाट आणा, खेकड्याच्या कवचाची दातेरी कड आणा. हे सातही आकार समुद्रकिनारी जागोजाग दिसतात. अँडरसनला समुद्र वाचायची लिपी मिळाली ती इथे.

१९३३ मध्ये ॲग्नेस ग्रिन्स्टेडशी लग्न झालं. घरचे तिला सिसी म्हणत. त्या दशकाच्या अखेरीस मात्र त्याला गंभीर मानसिक आजाराने गाठलं आणि पुढची काही वर्षं इस्पितळांच्या वाऱ्यांत गेली. एकदा तो चादरींच्या दोराने खिडकीतून खाली उतरून निसटला. उतरता उतरता विटांच्या भिंतीवर साबणाने पक्षी काढत गेला. नंतर काही वर्षं सासऱ्यांच्या समुद्रकाठच्या घरी बरी गेली. तिथे त्याने उरल्यासुरल्या वॉलपेपरच्या पाठीवर लांबच लांब लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरलेल्या चित्रांचे ठसे, छापले. १९४९ मध्ये ते ब्रुकलिन म्युझियममध्ये मांडले गेले. पण तोवर त्याने संसारापासून वेगळं, शिअरवॉटरच्या आवारातल्या एका लहान घरात एकट्याने राहायला सुरुवात केली होती. सिसीने शाळेत शिकवून चार मुलं वाढवली. या चित्रांची किंमत तिने मोजली आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि मग हॉर्न बेट. किनाऱ्यापासून दहा-बारा मैलांवरचा वाळूचा चिंचोळा पट्टा : पाइनची झाडं, मधे तळी, पलीकडे उघडं आखात. १९६५ पर्यंत जवळजवळ वीस वर्षं तो लहानशा होडीतून वल्ही मारत तिथे जात राहिला. शिधा आणि रंग पत्र्याच्या कचरापेटीत भरलेले, म्हणजे लाट आत आली तरी कोरडे राहावेत. रात्री होडी पालथी घालून तिच्याखाली झोपायचं. दिवसा तळ्यात गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं किंवा लव्हाळ्यांतून सरपटत पक्ष्याच्या घरट्याजवळ जायचं. निळे खेकडे, कासवं, बेडूक, बगळे, किनाऱ्याला लागलेले मेलेले मासेसुद्धा त्याने रंगवले, तेही साध्या टाइपरायटरच्या कागदावर, जलरंगांत. चित्र टिकावं, विकलं जावं हा हिशेबच नव्हता. त्या जिवाशी क्षणभर एकरूप होणं हे खरं काम, आणि चित्र ही त्याची खूण, अशी त्याची धारणा त्याच्या रोजनिशांमधून दिसते.

पेलिकन पक्ष्यांसाठी तो शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या शांडेलूर बेटांपर्यंत जाई. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कीटकनाशकांमुळे लुइझियानातल्या तपकिरी पेलिकनांची वीण थांबली, ते तिथून नाहीसे झाले. पुढे फ्लोरिडातून पिल्लं आणून त्यांची वस्ती पुन्हा बसवावी लागली. अँडरसनची चित्रं त्याआधीच्या गजबजलेल्या वसाहतींची आहेत, म्हणून निसर्गाच्या इतिहासातही त्यांना मोल आहे.

बेट्सीनंतर तीन महिन्यांच्या आतच, नोव्हेंबर १९६५ मध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. त्याच्या घरातली एक खोली तो कायम कुलूपबंद ठेवत असे. सिसीने ती उघडली तेव्हा चारही भिंती आणि छत चित्रांनी भरलेलं होतं : पहाटेपासून रात्रीपर्यंतचा किनाऱ्यावरचा एक अख्खा दिवस. बायबलमधल्या १०४ व्या स्तोत्राशी ती चित्रं जोडली जातात. त्या स्तोत्रातही अफाट समुद्र आणि त्यातले लहानमोठे असंख्य जीव आहेत. शिवाय हजारो जलरंगचित्रं सापडली, जी घरच्यांनीही पाहिली नव्हती.

१९७१ मध्ये हॉर्न बेट संरक्षित राष्ट्रीय किनारपट्टीत आलं. १९९१ मध्ये ओशन स्प्रिंग्जमध्ये अँडरसनचं संग्रहालय उघडलं आणि ती खोली भिंतींसकट तिथे हलवली गेली. २००५ च्या कतरिना वादळात शिअरवॉटरच्या बऱ्याचशा इमारती वाहून गेल्या, कुटुंबाने जपलेल्या चित्रांच्या कोठीत पाणी शिरलं. संग्रहालयातली ती खोली वाचली. भिजलेले कागद वाळवून, साफ करून सावरण्याचं काम त्यानंतर कितीतरी काळ चाललं. कारखाना पुन्हा उभा राहिला असून अँडरसन कुटुंबीयच तो चालवतात.