क्रॉनिक

क्रॉनिक : दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या किंवा पुन्हापुन्हा उलटणाऱ्या विकाराला लावले जाणारे इंग्रजी विशेषण. मराठी वैद्यकीय लेखनात यासाठी ‘चिरकारी’ ही संज्ञा रूढ आहे. बोलण्यात ‘जुनाट’ म्हणतात. ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे ‘तीव्र’ हे त्याच्या विरुद्धार्थी.

शब्दाचे मूळ काळवाचक ग्रीक ‘ख्रोनोस’मध्ये आहे. लॅटिन व फ्रेंचमार्गे तो साधारणपणे पंधराव्या शतकात इंग्रजीत आला असावा. खुद्द ‘ख्रोनोस’ची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. ग्रीक पुराणकथांतील, आपल्याच अपत्यांना गिळणारा क्रोनोस हा टायटन (आदिदेव) आणि सर्वभक्षक काळ यांची सांगड प्राचीनांनीच घातली होती. ग्रीक लेखक प्लूटार्कनेही तिचा उल्लेख केला आहे. मात्र टायटनचे नाव ‘कापा’ या वर्णाने सुरू होते, तर काळवाचक शब्द ‘खी’ने. ग्रीकमध्ये हे वर्ण वेगळे असल्याने ही सांगड रूपकापुरतीच मानणे इष्ट.

रोगांचे तीव्र व चिरकारी हे विभाजन ग्रीक वैद्यकाइतके जुने आहे. तीव्र रोगाचा निकाल चौदा दिवसांत लागतो, असे प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीसच्या नावावरील सूत्रांत म्हटले आहे. कॅपाडोशियाच्या (आशिया मायनरमधील प्रदेश) अरेटीअस या ग्रीक वैद्याने दोन्ही वर्गांची कारणे, लक्षणे व उपचार यांवर स्वतंत्र भाग लिहिले. त्याचा काळ इ. स. पहिले की दुसरे शतक याविषयी मतभेद आहेत. पहिल्या शतकाचे मत अधिक संभवनीय वाटते. सीलिअस ऑरेलिअनस या वैद्यकलेखकाचा याच विभाजनावरील लॅटिन ग्रंथ बहुधा पाचव्या शतकातील असून तो मुख्यतः एफेससच्या सोरेनस या ग्रीक वैद्यावर आधारलेला आहे.

आधुनिक वैद्यकात चिरकारीपणाची एकच कालमर्यादा नाही. प्रौढांचा खोकला आठ आठवड्यांहून अधिक टिकला की चिरकारी ठरतो, अंगावर उठणारे पित्त सहा आठवड्यांनंतर, तर वेदना तीन महिन्यांनंतर. ‘ब’ प्रकारच्या काविळीत विषाणूचे पृष्ठभागीय प्रतिजन (त्याच्या आवरणावरील प्रथिन) रक्तात सहा महिन्यांहून अधिक काळ सापडावे लागते. चिरकारी श्वासनलिकादाहाची (ब्राँकायटिस) व्याख्या सर्वांत काटेकोर : लागोपाठ दोन वर्षे, दरवर्षी निदान तीन महिने कफयुक्त खोकला, आणि त्याला दुसरे कारण नसावे. मूत्रपिंडाच्या विकारात तीन महिन्यांची अट असते, कारण रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात ते टाकाऊ द्रव्य) एकदा वाढलेले दिसले तर बिघाड नवा की जुना हे तेवढ्यावरून कळत नाही.

विशेषण कालावधी सांगते, गांभीर्य नव्हे. रक्ताच्या कर्करोगांची तीव्र व चिरकारी ही नावे परिणामकारक उपचार नव्हते तेव्हाची, रोग किती वेगाने जीव घेतो यावरून पडलेली. आज काही तीव्र प्रकार पूर्ण बरे होतात. चिरकारी मज्जाजन्य (अस्थिमज्जेतील पेशींपासून होणाऱ्या) प्रकारात मात्र 2001 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमॅटिनिब या औषधानंतर अनेक रुग्ण वर्षानुवर्षे रोज गोळी घेऊन जगतात. जुन्या विकारात अचानक भर पडली, तर दोन्ही विशेषणे एकत्र येतात.

वैद्यकाबाहेर बेकारी, टंचाई किंवा खोटे बोलण्याची खोड यांनाही हे विशेषण लावतात. ब्रिटिश बोलीत त्याचा अर्थ नुसता ‘भयंकर वाईट’ असाही होतो.