वकिलातीची पोस्ट आणि वहिनीची खापरोळी

आमच्या रत्नागिरीच्या वहिनीने मागे इन्स्टाग्रामवर खापरोळ्यांचा व्हिडिओ टाकला. बिडाच्या तव्यावर जाळी पडलेली खापरोळी, शेजारी वाटीत गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. खाली इंडोनेशियातल्या एका बाईने लिहिलं की आमची सेराबी अशीच. तांदळाचं पीठ, वर नारळाचं दूध आणि माडाच्या गुळाचा पाक. मग भाषांतराचं बटण दाबत दोघींचं पीठ आंबवण्यावरून बरंच चाललं. घरात कुणीतरी म्हणालं, "वहिनी राजदूत झाली की!"

नाही झाली. ही सांस्कृतिक देवाणघेवाण; राजनय, म्हणजे सरकारांचं आपापसातलं बोलणं, वेगळा.

राजदूताच्या पोस्टमागे सरकार उभं असतं. तिथे अभिनंदन उशिरा केलं तरी त्याचा अर्थ लावला जातो, मग खातं बंद करणं तर सोडाच. पंतप्रधान मोदींनी मे २०१५ मध्ये चीन दौऱ्याआधी वेबो या चिनी माध्यमावर खातं उघडलं, तो मैत्रीचा हात होता. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर, जुलै २०२० मध्ये ते बंद केलं, तोही निरोपच होता.

दोन्हींची गल्लत होते याचं कारण मुळातच आहे. देशांमधल्या राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात वकिलातीच्या कामांमध्ये सांस्कृतिक संबंध वाढवणंही धरलेलं आहे. त्यामुळे वकिलातीही खाण्यापिण्याचे, नाचगाण्याचे व्हिडिओ टाकतात. दिसायला वहिनीसारखेच, पण त्यात करपलेली खापरोळी कधी दिसायची नाही.

सरमिसळ करून पाहिली ती स्वीडनने. डिसेंबर २०११ पासून देशाचं ट्विटर खातं दर आठवड्याला एकेका सामान्य नागरिकाच्या हाती दिलं. मला ही कल्पना फार आवडली होती. २०१२ मध्ये एकीने ज्यूंबद्दल काहीबाही लिहिलं आणि जगभर बोभाटा झाला. तेच तिने स्वतःच्या खात्यावर लिहिलं असतं तर शेजारच्या गल्लीतही कळलं नसतं. तरी स्वीडनने तो प्रयोग २०१८ पर्यंत चालवला, हे विशेष.

हा फरक आमच्या रत्नागिरीतही दिसतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा इंग्रजांच्या कैदेत इथेच राहिला, १९१६ मध्ये इथेच वारला. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन त्याच्या कबरीपाशी आले; त्या भेटीचा फोटो म्हणजे देशाने देशाशी केलेलं बोलणं. उद्या यांगूनची एखादी पोरगी थिबा पॅलेससमोर रील करून "आमचा राजा इथे जेवायचा काय?" विचारेल, आणि खाली कुणी रत्नागिरीकर आंब्यापासून सुरुवात करेल. ती गोष्ट वेगळी.

परवा वहिनीने तो व्हिडिओ काढून टाकला. एक खापरोळी कडेने करपलेली दिसत होती, तेवढ्यासाठी. दुसऱ्या दिवशी इंडोनेशियातून विचारणा आली, "कुठे गेला? लेकीला दाखवायचा होता."