आधी हाक, मग विमान

१९१७ सालची गोष्ट. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या रखरखीत मुलखात जिमी डार्सी नावाचा तरुण गुराखी घोड्यावरून पडला आणि पोटात जबर मार लागला. सोबत्यांनी त्याला कसंबसं हॉल्स क्रीक या वस्तीपर्यंत आणलं. तिथे डॉक्टर नव्हता. होता तो टकेट नावाचा पोस्टमास्तर, प्रथमोपचाराचे धडे घेतलेला. ते धडे त्याला ज्यांनी दिले होते, ते डॉ. हॉलंड पर्थला होते, दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर. टकेटने तारेवरून एकेक लक्षण कळवलं. उत्तर आलं की मूत्राशय फाटलं असावं, पोट उघडावं लागेल. खिशातला चाकू, जंतुनाशक म्हणून पोटॅशियम परमँगनेट, भूल नाही. तारयंत्राच्या कट्ट-कडकट्टवर एका पोस्टमास्तराने जिवंत माणसावर शस्त्रक्रिया केली.

हॉलंड स्वतःही निघाले. गुरं वाहणारं जहाज, मग फोर्ड मोटार, मोटार बंद पडल्यावर घोडागाडी, शेवटी पायी. दहा दिवसांहून जास्त प्रवास करून ते पोचले, तेव्हा डार्सी आदल्याच दिवशी गेला होता. शस्त्रक्रियेने तो दगावला नव्हता. अंगात मुरलेला मलेरिया कोणाच्या लक्षातच आला नव्हता, कारण त्याला डोळ्यांनी पाहणारा, हाताने तपासणारा डॉक्टर तिथे नव्हता.

जगातल्या पहिल्या मोठ्या हवाई रुग्णसेवेची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसची कहाणी बहुतेकदा विमानापासून सांगितली जाते. मला मात्र ती या तारयंत्रापासून सुरू होते असं वाटतं. हॉल्स क्रीकला निदान तार तरी होती. आजूबाजूच्या गुरांच्या मळ्यांवर तीही नव्हती. तिथे कोणी आजारी पडलं तर आधी घोड्यावरून निरोप न्यावा लागे, आणि निरोप पोचेपर्यंत अनेकदा सगळं आटोपलेलं असे. उडतं विमान पुढे मिळालं, पण त्याला बोलवायचं कसं, हा प्रश्न जास्त अवघड निघाला.

जॉन फ्लिन हे प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक. या मुलखात ते छोटी रुग्णालयं उभारत होते. डार्सीच्या मृत्यूच्याच वर्षी त्यांना क्लिफर्ड पील या तरुणाचं पत्र आलं. वैद्यकीचं शिक्षण सोडून तो युद्धासाठी वैमानिक झाला होता. विमानं कुठे ठेवावीत, खर्च किती येईल, कोणतं अंतर किती वेळात कापता येईल, याची मांडणीच त्याने करून पाठवली होती. सप्टेंबर १९१८ मध्ये पील फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. आपल्या पत्रातून काय उगवलं, हे त्याला कधीच कळलं नाही.

ते उगवायला दहा वर्षं लागली. एका उद्योजकाच्या मृत्युपत्रातून मिळालेले २,००० पौंड, लोकांच्या देणग्या आणि क्वांटास ही त्या काळची छोटीशी विमान कंपनी, एवढ्या बळावर मे १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरी गावात एका वर्षाच्या प्रयोगासाठी सेवा सुरू झाली. विमान एकच आणि तेही भाड्याचं, मैलाला दोन शिलिंग. लाकूड आणि कापडाच्या त्या दुपंखी विमानात रुग्ण पुढच्या बंद खोलीत बसे आणि वैमानिक मागे उघड्यावर, वारा-धूळ खात. विमानात रेडिओ नव्हता. नदीचं कोरडं पात्र, कुंपण किंवा तारेचे खांब बघत वाट काढायची. १७ मे रोजी डॉ. वेल्च आणि वैमानिक आर्थर ॲफ्लेक पहिल्यांदा उडाले, ज्युलिया क्रीकला. हे अंतर पुणे-मुंबईपेक्षा थोडं कमीच. तरी धावपट्टीवर शंभरावर माणसं वाट बघत उभी होती. पहिल्या वर्षात ५० उड्डाणं झाली आणि २२५ रुग्णांवर उपचार झाले.

हाकेचा प्रश्न अजून तसाच होता. तो सोडवला ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर या विद्युत अभियंत्याने. मळ्यावर वीज नाही, जड बॅटऱ्या वाहून नेणं आणि भारणं अशक्य. हाताने फिरवायचं जनित्र करून पाहिलं, तर एकाने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने संदेश पाठवायचा, म्हणजे दोन माणसं हवीत. घरी एकट्या असलेल्या बाईने काय करायचं? ट्रेगरने जनित्राला सायकलसारखी पायंडलं लावली. पाय वीज बनवू लागले आणि हात मोकळे झाले.

त्यातून निघत होती जेमतेम २० वॅट वीज. एवढ्याशा ताकदीवर शेकडो किलोमीटर संदेश पोचतो कसा? साधारण ऐंशी किलोमीटर उंचीपासून वर सूर्याच्या किरणांनी हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात. या थराला आयनांबर म्हणतात. रेडिओच्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह) त्यावर आदळून पुन्हा जमिनीकडे वळतात. म्हणजे मधली टेकडी किंवा पृथ्वीची गोलाई आडवी येत नाही, संदेश आभाळाला टेकून पलीकडे उतरतो. ट्रेगरने यंत्रात गारगोटीचा स्फटिक बसवला. ठरावीक मापाचा स्फटिक ठरावीक कंपनसंख्येलाच थरथरतो, त्यामुळे पायांचा वेग कमीजास्त झाला तरी लहर जागची हलत नाही. १९२९ पासून ही यंत्रं मळ्यांवर पोचू लागली.

तरी ठिपके-रेघांच्या खुणांनी अक्षरं पाठवायची मोर्सची लिपी कोण शिकणार? मग ट्रेगरने टंकलेखन यंत्रासारखा कळफलक बनवला. 'अ' दाबलं की 'अ'ची मोर्स खूण आपोआप जाई. ज्या माणसाने हे बनवलं, त्याने वापरणाऱ्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवला होता, असं मला नेहमी वाटतं. तिसाच्या दशकात प्रत्यक्ष आवाज जाऊ लागला. दिवसातली ठरावीक वेळ गप्पांसाठी मोकळी ठेवली जाई. तिला नाव पडलं गाला सेशन, तिथल्या कलकलाट करणाऱ्या गुलाबी काकाकुव्यावरून. वर्षानुवर्षं शेजारणीचा आवाज न ऐकलेल्या बायका त्यावर बोलत. पुढे याच जाळ्यावर १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून मुलांची रेडिओ-शाळाही सुरू झाली.

हाक पोचली तरी विमान यायला वेळ लागतोच. मधल्या वेळासाठी १९४२ पासून मळ्यांवर औषधांची पेटी ठेवायला सुरुवात झाली. प्रत्येक औषधाला क्रमांक आणि सोबत शरीराचा क्रमांक घातलेला नकाशा. दुखतंय ते कितव्या जागी, हे घरच्यांनी सांगायचं आणि कितव्या नंबरचं औषध द्यायचं, हे डॉक्टरने. औषधाचं अवघड नाव खरखरत्या रेडिओवर चुकीचं ऐकू येण्याचा धोकाच संपला. आजही अशा दोन हजारांहून जास्त पेट्या ऑस्ट्रेलियाभर आहेत.

आता विमानाकडे येऊ. घाट चढून महाबळेश्वरला पोचल्यावर वेफर्सचं पाकीट टम्म फुगलेलं तुम्ही पाहिलं असेल. बाहेरचा दाब कमी झाला की आतली हवा पसरते. प्रवासी विमानाच्या आत साधारण आठ हजार फूट उंचीवर असतो तितका दाब ठेवतात, म्हणजे समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश. जमिनीवरची १०० मिलिलिटर हवा तिथे १३५ मिलिलिटरच्या आसपास होते. धडधाकट माणसाच्या फार तर कानांना दडे बसतात. पण बरगडी मोडून फुप्फुसाभोवती हवा साठली असेल, तर तीच हवा फुगून फुप्फुस चिरडते. आतड्याला पीळ पडला असेल तर तो भाग फाटू शकतो. म्हणून उड्डाणाआधीच छातीत नळी घालून हवा काढतात. श्वासनलिकेतल्या नळीला पकडून ठेवणारा छोटा फुगाही वर जाताना फुगतो, त्याचा दाब पुन्हा पुन्हा तपासावा लागतो.

यावर दुसरा उपाय वैमानिकाच्या हातात असतो. किंग एअरसारख्या विमानात साधारण पंधरा हजार फुटांपर्यंत आत समुद्रसपाटीचा दाब टिकवता येतो. त्यापेक्षा वर जायचं नाही. इंधन जास्त जळतं, ढगांचे हिसके बसतात, पण रुग्ण जणू जमिनीवरच राहतो. कुठल्या उंचीवरून जायचं, हा इथे औषधाच्या मात्रेइतकाच वैद्यकीय निर्णय आहे. इंजिनाच्या घरघरीत स्टेथोस्कोपने फारसं ऐकू येत नाही. परिचारिकेला पडद्यावरचे आकडे, त्वचेचा रंग आणि छातीची हालचाल यांवर भिस्त ठेवावी लागते.

एका भाड्याच्या विमानापासून सुरू झालेली ही संस्था आज ऐंशीच्या आसपास विमानं चालवते. १९५५ मध्ये तिला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. ती आजही नफा न कमावणारीच आहे. रोजच्या कामाचा मोठा खर्च सरकारकडून येतो, पण विमानं घ्यायला आणि ती सुसज्ज करायला लोकांच्या देणग्यांचाच मोठा आधार असतो. आणि तातडीची उड्डाणं हे तिच्या कामाचं एक टोक झालं. दवाखाने भरवणं, दात तपासणं, फोनवर सल्ला देणं, छोट्या रुग्णालयातून मोठ्या रुग्णालयात हलवणं, यांतच बराच वेळ जातो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या मुलखाला निर्जन समजलं जाई, तिथे आदिवासी हजारो वर्षांपासून राहत होते, आणि सुरुवातीची सगळी धडपड मुख्यतः गोऱ्या वसाहतकऱ्यांसाठी होती. ॲलिस स्प्रिंग्जजवळच्या फ्लिन यांच्या समाधीवर ठेवलेला भलामोठा दगडसुद्धा आदिवासींच्या कार्लू कार्लू नावाच्या पवित्र स्थळावरून न विचारता आणलेला होता. खूप वर्षांच्या मागणीनंतर १९९९ मध्ये तो परत गेला आणि समाधीच्या परिसरातल्या अरेर्नते या आदिवासी लोकांनी आपल्याकडचा एक दगड त्या जागी दिला. आज या सेवेच्या रुग्णांमध्ये आदिवासींचं प्रमाण मोठं आहे.

रात्री एखाद्या मळ्यावर विमान उतरायचं असेल तर घरची माणसं आधी गाडी घेऊन कच्च्या धावपट्टीवर फेऱ्या मारतात, कांगारू आणि गुरं हुसकून लावायला. दिव्यांची सोय नसेल तर डब्यांमध्ये रॉकेल किंवा डिझेलात भिजवलेले टॉयलेट पेपरचे रोल ठेवून दोन्ही कडांना ओळीने पेटवतात. वाऱ्याची दिशा बघून वैमानिकाला कळवतात. तेवढा वेळ आत घरात कोणीतरी रुग्णाच्या उशाशी बसून, कानाला फोन लावून, पेटीतल्या क्रमांकाची बाटली शोधत असतं, आणि पलीकडून डॉक्टर विचारत असतो, आता श्वास कसा चाललाय?