पचनसंस्थेची वैद्यकीय परिभाषा (कोकण)

मुखापासून गुदद्वारापर्यंतची अन्ननाल, तिला जोडलेल्या ग्रंथी आणि या सर्वांचे विकार यांसाठी मराठीत वापरल्या जाणाऱ्या संज्ञांचा समूह. डहाणूपासून सावंतवाडी-दोडामार्गपर्यंतच्या कोकण किनाऱ्यावर या संज्ञांचे तीन थर एकाच वेळी वापरात आढळतात : पाठ्यपुस्तकांतील व परिभाषाकोशांतील संस्कृत घडणीच्या संज्ञा, दवाखान्यात रुळलेले इंग्रजी शब्द आणि घरोघरची जुनी नावे. थर बदलला की तोच शब्द पुष्कळदा वेगळ्या अवयवाचा किंवा वेगळ्या विकाराचा वाचक होतो. रुग्णाची तक्रार ऐकताना हे ध्यानात ठेवावे लागते.

अन्ननालेचे भाग क्रमाने मुख, ग्रसनी, सुमारे 25 सेंमी. लांबीची ग्रासनली, जठर, सुमारे 6 मी. लांबीचे लहान आतडे, सुमारे 1.5 मी. लांबीचे मोठे आतडे, मलाशय आणि गुदद्वार असे आहेत. यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड व लालाग्रंथी या संस्थेला पूरक आहेत. स्वादुपिंडाला काही ग्रंथांत अग्निपिंड असेही म्हटलेले आढळते. लहान आतड्याच्या आरंभीच्या सुमारे 25 सेंमी. भागाला ग्रहणी म्हणतात. आयुर्वेदात ग्रहणी हे अवयवाचे नाव आहे आणि त्याच्या विकाराचेही. दीर्घकाळ चालणाऱ्या जुलाबांसाठीचा ‘संग्रहणी’ हा शब्द तेथूनच बोलीत आला. विषमज्वराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत चढउतार होणाऱ्या, पाळीने येणाऱ्या तापांना हे नाव आहे, तर आधुनिक मराठीत ते टायफॉइडसाठी, म्हणजे आतड्यांतून शरीरात शिरणाऱ्या एका विशिष्ट जंतुसंसर्गासाठी, रूढ झाले.

विकारांच्या शास्त्रीय संज्ञा बहुधा अवयवाच्या नावाला विकृतिदर्शक पद जोडून होतात. दाह व सूज यांसाठी ‘शोथ’ (जठरशोथ, यकृतशोथ, आंत्रपुच्छशोथ), क्षतासाठी ‘व्रण’, खड्यासाठी ‘अश्मरी’ आणि मार्ग बंद होण्यासाठी ‘रोध’ ही पदे येतात. ही रचना नेटकी असली तरी बोलण्यात ती फारशी उतरलेली नाही. आंत्रपुच्छशोथ झालेला रुग्ण ‘अपेंडिक्स झाले’ असेच सांगतो, आणि पित्ताश्मरीला ‘पित्ताशयात खडे’ म्हणतो. आंत्रपुच्छशोथाच्या संदर्भात ‘बेंबी सरकणे’ ही लोकसमजूत जपून पाहावी लागते. आंत्रपुच्छशोथाची वेदना पुष्कळदा आधी बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी उजव्या ओटीपोटात स्थिरावते. या पहिल्या टप्प्यात बेंबी सरकली असे समजून जाणत्या माणसाकडून पोट चोळून घेतले, तर उपचाराला उशीर होतो आणि आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो.

सर्वाधिक घोटाळा ‘पित्त’ या शब्दाचा आहे. शरीरक्रियाशास्त्रात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि स्निग्ध पदार्थांच्या पचनास मदत करणारा हिरवट-पिवळा स्राव होय. यकृत दिवसाला सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त स्रवते. आयुर्वेदातील पित्त हा त्रिदोषांपैकी एक दोष असून त्याची व्याप्ती या स्रावापेक्षा पुष्कळ मोठी आहे. बोलीत मात्र ‘पित्त झाले’ म्हणजे छातीत जळजळ, करपट ढेकर, मळमळ आणि डोके दुखणे. या तक्रारींतील जळजळ पित्तामुळे क्वचितच होते. बहुधा तिचे कारण जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल असते, म्हणून अम्लपित्त हे जुने नाव त्यातल्या त्यात जवळचे म्हणावे लागेल. ‘अंगावर पित्त उठणे’ हा चौथा अर्थ तर त्वचेचा आहे : खाज सुटणाऱ्या लालसर गांधी, ज्यांना शीतपित्त म्हणतात. कोकणात त्यांवर आमसुलाचे पाणी लावतात आणि पितातही. जळजळीवरही हेच पाणी दिले जाते, मात्र कोकम स्वतः आंबट असल्याने काहींना ते सोसत नाही.

किनाऱ्यावर या चौथ्या अर्थाला आणखी एक बाजू आहे. बांगडा किंवा कुपा (टूना) पकडल्यानंतर वेळेवर बर्फात गेला नाही, तर जिवाणू त्याच्या मांसातील हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून हिस्टामीन तयार करतात. हिस्टामीन शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही, आणि मासा दिसायला व वासाला बरा असूनही त्यात ते असू शकते. असा मासा खाल्ल्यावर बहुधा तासाभरात चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, मळमळ व जुलाब होतात. घरात त्याला ‘बांगड्याने पित्त उठले’ म्हणतात आणि ती व्यक्ती पुढे बांगडा कायमचा वर्ज्य करते. वस्तुतः ही विषबाधा असते, माशाची ॲलर्जी नसते; एकाच कालवणातून घरातील अनेकांना त्रास झाला असेल तर विषबाधेचा संशय आधी घ्यावा.

पातळ शौचासाठी हगवण, ढाळ, जुलाब आणि शास्त्रीय अतिसार हे शब्द साधारण एकाच अर्थी चालतात. आव पडणे म्हणजे शौचातून श्लेष्मा (चिकट, बुळबुळीत स्राव) जाणे. त्यासह मुरडा व रक्त असेल तर तो आमांश होय, आणि तो अमीबाजन्य की जिवाणूजन्य यावर औषध ठरते. पटकी हे कॉलऱ्याचे मराठी नाव असून जरीमरी या देवतेचा संबंध याच साथीशी जोडला जातो. पावसाळ्यात विहिरींचे पाणी गढूळ होऊन या तक्रारी वाढतात. निर्जलीभवनावरील (शरीरातील पाणी कमी होण्यावरील) मीठ-साखरेच्या द्रावणाला जलसंजीवनी हे अर्थवाही नाव मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे 20.5 ग्रॅमची पुडी 1 लिटर पाण्यात विरघळवतात. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज, जी कोकणात आजाऱ्याला आपोआपच दिली जाते, याच तत्त्वाने उपयोगी पडते : तांदळातील पिष्टापासून सुटणारे ग्लुकोज आतड्यातून सोडियम व पाणी शोषले जाण्यास मदत करते. तीव्र जुलाबांत मात्र जलसंजीवनीच मुख्य उपचार होय.

कावीळ हे रोगाचे नाव समजले जाते, पण ते लक्षण आहे. रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य वाढल्याने डोळे व त्वचा पिवळी दिसतात. दूषित पाण्यातून येणारा अ किंवा ई प्रकारचा विषाणुजन्य यकृतशोथ, पित्तनलिकेत अडकलेला खडा, तांबड्या पेशींचा अति नाश, मद्यामुळे झालेली यकृताची हानी अशी तिची कारणे भिन्न आहेत. शौचाचा रंग पांढुरका व लघवीचा गडद असेल, तर पित्तमार्ग अडल्याची शक्यता विचारात घेतात. भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्यास ताप, पोटऱ्यांत वेदना आणि मागाहून कावीळ झाल्यास लेप्टोस्पायरोसिसची तपासणी लगेच करावी लागते; उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळलेले जंतू पायाच्या चिरांतून शिरतात, आणि कावीळ म्हणून झाडपाल्याच्या औषधावर काढलेल्या दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.