बुधवारचे स्कॉटिश प्रश्न आणि गुरुवारचे स्कॉटिश प्रश्न

लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये साधारण महिना-सव्वा महिन्यातून एकदा, बुधवारी सकाळी साडेअकराला, स्कॉटलंडविषयी प्रश्नोत्तरं होतात. एडिंबरात होलीरूडला, म्हणजे स्कॉटिश पार्लमेंटमध्ये, अधिवेशन चालू असलं की दर गुरुवारी दुपारी बाराला फर्स्ट मिनिस्टरना, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारच्या प्रमुखांना, प्रश्न विचारतात. दोन्हीकडे बोलण्याचा हेल स्कॉटिश, गलका सारखाच आणि विषयही स्कॉटलंडच. अर्ध्या मिनिटाची क्लिप फोनवर आली तर ती कुठल्या सभागृहातली हे पटकन कळत नाही. खाली लोक लिहून मोकळे होतात, ‘बघा, मंत्र्यांनी उत्तर टाळलं.’ कधी त्यांनी खरंच टाळलेलं असतं. कधी मात्र पत्ताच चुकलेला असतो.

घोळ नावापासून सुरू होतो. लंडनमध्ये उत्तर देतात ते ‘स्कॉटलंडचे मंत्री’. ऐकणाऱ्याला वाटतं, हेच स्कॉटलंड चालवत असणार. एके काळी ते खरंही होतं. १८८५ साली लंडनच्या सरकारात स्कॉटलंडसाठी वेगळं खातं निघालं आणि पुढच्या शतकात शाळा, इस्पितळं, रस्ते, तुरुंग असं एकेक करून बरंच काही त्याच्याकडे आलं. ग्लासगोच्या दवाखान्याचं छप्पर गळत असेल तर खासदार लंडनमध्ये याच मंत्र्याला धारेवर धरायचे. मग ११ सप्टेंबर १९९७ रोजी सार्वमत झालं. ७४.३ टक्के मतदारांनी स्वतःच्या पार्लमेंटला कौल दिला, १९९८ चा स्कॉटलंड कायदा झाला आणि १ जुलै १९९९ पासून सत्ता एडिंबराकडे गेली. लंडनमधल्या दारावरची पाटी तशीच राहिली, घर मात्र दुसऱ्याच्या नावावर झालं.

त्याच वर्षी, २५ ऑक्टोबरला, हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला की जे विषय स्कॉटलंड आणि वेल्सकडे सोपवले आहेत, त्यांवर इथे प्रश्न दाखल करता येणार नाहीत. काही अपवाद ठेवले. लंडनचं सरकार स्वतः त्या विषयावर विधेयक आणत असेल किंवा दोन सरकारांमधल्या एखाद्या कराराचा संबंध असेल, तर प्रश्न चालतो. बाकीचे प्रश्न सभागृहात पोचण्याआधीच परत जातात.

हे आपल्याला नवं नाही. पोलीस भरतीवर किंवा जिल्हा रुग्णालयावर लोकसभेत विचारलं तर ‘हा विषय राज्य सरकारच्या अखत्यारीत येतो’ हे वाक्य आपण कितीदा ऐकलंय. जो विषय मुख्यतः केंद्राच्या अखत्यारीतला नाही, त्यावरचा प्रश्न लोकसभेच्या नियमांत बसत नाही. पण साम्य इथवरच. आपल्याकडे अधिकारांची वाटणी राज्यघटनेने केली आहे आणि केंद्राच्या, राज्यांच्या व सामाईक सूचीत जे नाही, ते केंद्राकडे जातं. स्कॉटलंडमध्ये उलटं आहे. कायद्याने फक्त लंडनने राखून ठेवलेल्या विषयांची यादी केली. परराष्ट्र, संरक्षण, चलन, इमिग्रेशन वगैरे. यादीत नाही ते आपोआप एडिंबराचं. मात्र त्याच कायद्याने हेही सांगून ठेवलंय की स्कॉटलंडसाठी कायदे करण्याचा लंडनच्या पार्लमेंटचा अधिकार यामुळे जात नाही. शिवाय दिल्लीच्या मंत्रिमंडळात ‘महाराष्ट्राचे मंत्री’ असं पद नाही. लंडनमध्ये ‘स्कॉटलंडचे मंत्री’ अजून आहेत.

आता एकच प्रश्न दोन्हीकडे नेऊन पाहू. स्कॉटलंडमध्ये अमली पदार्थांमुळे २०१९ साली १,२६४ मृत्यू नोंदले गेले, २०२० साली १,३३९. युरोपात इतकं वाईट प्रमाण क्वचितच कुठे सापडेल. उपचार, पुनर्वसन, दवाखाने हे सगळं आरोग्यात येतं, म्हणजे एडिंबराचं. पण कुठला पदार्थ बेकायदा आणि बाळगला तर काय शिक्षा, हे ठरवतो १९७१ चा कायदा आणि तो लंडनच्या हातात. त्यामुळे गुरुवारी विरोधक विचारत, उपचारांचे पैसे का कापले? सरकारच्या उत्तराचा एक धागा हमखास कायद्याकडे जाई: हात बांधलेले आहेत. बुधवारी स्कॉटिश नॅशनल पार्टीचे, म्हणजे तेव्हा एडिंबरात सत्तेवर असलेल्या पक्षाचे, खासदार लंडनमध्ये विचारत, कायदा का बदलत नाही? उत्तराचा रोख असे, आधी तुमच्या सरकारला त्याच्या हातातलं काम करू द्या. दोन्ही उत्तरं तशी खरी होती, म्हणून तर ही टोलवाटोलवी वर्षानुवर्षं चालली. देखरेखीखाली अमली पदार्थ घेण्याची सोय असावी, अशी शिफारस लंडनच्याच स्कॉटिश व्यवहार समितीने २०१९ साली केली होती. सरकारने ती मानली नाही. शेवटी वाट तिसरीकडून निघाली. अशा केंद्रात अमली पदार्थ जवळ बाळगल्याबद्दल खटले भरणं जनहिताचं ठरणार नाही, असं स्कॉटलंडच्या सर्वोच्च सरकारी वकील, लॉर्ड ॲडव्होकेट, यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं आणि जानेवारी २०२५ मध्ये ग्लासगोत ‘द थिसल’ हे केंद्र उघडलं. कायद्यातलं अक्षरही बदललं नाही.

तरी दोन्ही दिवसांचं वजन सारखं नव्हतं. २०१९ चे आकडे डिसेंबर २०२० मध्ये बाहेर आले, होलीरूडला गदारोळ झाला आणि काही दिवसांत सार्वजनिक आरोग्यमंत्री जो फिट्झपॅट्रिक यांचं पद गेलं. अमली पदार्थांच्या प्रश्नासाठी वेगळं मंत्रिपद निघालं. लंडनमध्ये त्या विषयावर कुणाची खुर्ची हलली नाही.

माझ्या मते खरा फरक इथेच आहे. फर्स्ट मिनिस्टरना निवडतात होलीरूडचे १२९ सदस्य आणि घालवूही शकतात तेच. एप्रिल २०२४ मध्ये हमझा युसफ यांनी ग्रीन पक्षाशी केलेला करार मोडला, अविश्वास ठरावाची वेळ आली आणि चार दिवसांत त्यांनी राजीनामा जाहीर केला. स्कॉटलंडच्या मंत्र्यांना मात्र पंतप्रधान नेमतात. २०१५ च्या निवडणुकीत स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा स्कॉटिश नॅशनल पार्टीने जिंकल्या. सत्ताधारी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचा तिथून एकच खासदार निवडून आला, डेव्हिड मंडेल. मंत्रीही तेच झाले. स्कॉटलंडचे बाकीचे ५८ खासदार एका बाजूला बसले असते तरी त्यांना हलवू शकले नसते, कारण मागच्या बाकांवर इंग्लंडचं बहुमत बसलेलं होतं.

त्या मागच्या बाकांची एक खोड आहे. लेखी नोटिशीचा प्रश्न नियमात बसवून द्यायचा आणि उपप्रश्नात एडिंबराच्या सरकारवर घसरायचं. ‘स्कॉटलंडमधल्या फेरीबोटींचा जो बोजवारा उडालाय, त्याबद्दल मंत्रिमहोदय माझ्याशी सहमत आहेत का?’ मंत्रिमहोदय सहमत असतातच. ज्यांच्यावर आरोप आहे ते चारशे मैलांवर. त्या दिवशी सभागृहाची करमणूक होते, पण याला जाब विचारणं म्हणता येत नाही.

फेरीबोटींचं प्रकरण खरं आणि भलतंच लांबलेलं आहे. बेटांवर जाणाऱ्या दोन बोटींचं ९७ दशलक्ष पौंडांचं कंत्राट २०१५ सालचं. त्यातली ‘ग्लेन सॅनॉक्स’ नोव्हेंबर २०१७ मध्ये समारंभाने पाण्यात सोडली, तेव्हा तिच्या काही खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. प्रवासी चढले जानेवारी २०२५ मध्ये. दरम्यान तीन फर्स्ट मिनिस्टरना या बोटींवरून गुरुवारी बोलणी खावी लागली. ‘हा आमचा विषय नाही’ म्हणायची सोय त्यांच्यापैकी एकालाही नव्हती.

गुरुवार म्हणजे सत्याचा दरबार, असं मात्र कुणी समजू नये. जेमतेम पाऊण तास असतो. कुणाचे प्रश्न घ्यायचे हे पीठासीन अधिकारी ठरवतात आणि मोठ्या विरोधी पक्षांच्या नेत्यांचा मान पहिला. बरीच वर्षं नेते आधी एक निरुपद्रवी प्रश्न देत, ‘दिवसभरात आपला काय कार्यक्रम आहे?’ खरा वार त्यामागच्या उपप्रश्नात लपलेला. लंडनला पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांत ही प्रथा अजून टिकून आहे. स्वतःच्या पक्षाच्या सदस्यांचे गोडगोड प्रश्न दोन्हीकडे असतात. मला विचाराल तर खरी माहिती लेखी प्रश्नांतून निघते. होलीरूडला त्यांचं उत्तर अधिवेशनकाळात सहसा १० कामकाजी दिवसांत द्यावं लागतं. तिथे एक गंमत आहे: सरकारला स्वतःहून काही जाहीर करायचं असेल तर ते आपल्याच सदस्याकडून प्रश्न घालून घेतं. होलीरूडमध्ये अशा प्रश्नावर ‘सरकारच्या पुढाकाराने’ असा शिक्काच असतो. चोरी उघड, पण नियमात बसवलेली. आपल्याकडे तारांकित प्रश्नांतही असे ‘सुचवलेले’ प्रश्न येतात असं लोक बोलतात. शिक्का तेवढा नसतो.

दोन्ही दारं एकाच माणसाला उघडी असण्याचाही एक काळ होता. ॲलेक्स सॅमंड मे २००७ मध्ये फर्स्ट मिनिस्टर झाले, पण २०१० पर्यंत लंडनमध्ये खासदारही होते. गुरुवारी उत्तरं देणारा माणूस बुधवारी त्याच आठवड्यात पंतप्रधानांना प्रश्न विचारायला मोकळा!

आणि मग येतात असे प्रसंग, जिथे दोन्ही वाटा एका ठिकाणी यायला हव्यात आणि येत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये होलीरूडने लिंगओळख मान्यतेविषयीचं विधेयक ८६ विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केलं. जानेवारी २०२३ मध्ये स्कॉटलंडचे मंत्री ॲलिस्टर जॅक यांनी स्कॉटलंड कायद्याचं कलम ३५ वापरून ते अडवलं. १९९९ पासून हे कलम कुणी वापरलं नव्हतं. ज्या सभागृहाचं विधेयक अडलं, त्याच्या समितीने जॅक यांना येऊन कारणं सांगण्याचं निमंत्रण दिलं. त्यांनी नकार दिला. त्यांचं निवेदन लंडनमध्ये, हाउस ऑफ कॉमन्समध्ये झालं होतं. त्या गुरुवारी होलीरूडला या विषयावर उत्तरं द्यायला उभ्या राहिल्या त्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन. विधेयक त्यांच्या सरकारचं होतं, ते अडवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता.