स्वाईन फ्लू : खानदेशातील प्रसार व परिणाम

इन्फ्लुएंझा ‘अ’ गटातील एच१एन१ विषाणूच्या २००९ मध्ये उद्भवलेल्या प्रकारामुळे माणसांना होणारा श्वसनमार्गाचा साथरोग. विषाणूचे जनुकीय खंड आठ. त्यांतील काही उत्तर अमेरिकेतील, तर काही युरोप-आशियातील डुकरांमध्ये वावरणाऱ्या विषाणूंचे. नावातला ‘स्वाईन’ तिथून आला आणि पुढे बराच गोंधळ करून गेला. एकदा माणसात रुळल्यावर या विषाणूला डुकराची गरज उरली नाही. खोकला-शिंकेतून उडणारे थेंब आणि हात एवढ्यावर तो पसरतो. उकिरड्यावर फिरणाऱ्या डुकरांवर संशय घेतला गेला, पण या साथीच्या प्रसारात त्यांचा वाटा नाही. इजिप्तमध्ये तर याच भीतीपोटी लाखो डुकरे मारली गेली, त्याने साथ थांबली नाही.

खानदेशात या गोंधळाला आणखी एक पदर होता. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत निश्चित झाला; मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यातील काही गावांतही आढळला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, अंडी-चिकनचा बाजार बसला. तो विषाणू एच५एन१; पक्ष्यांकडून क्वचितच माणसात येणारा, आणि त्या साथीत भारतात एकाही माणसाला त्याची बाधा निश्चित झाली नव्हती. तीनच वर्षांनी ‘फ्लू’च्या आधी दुसऱ्या प्राण्याचे नाव लागले, तेव्हा दोन्ही आजार एकच समजणे स्वाभाविक होते. बर्ड फ्लूमध्ये कोंबडीपासून जपायचे होते. इथे जपायचे होते ते शेजारी बसलेल्या माणसापासून.

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको व अमेरिकेत हा विषाणू ओळखला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी जागतिक साथ जाहीर केली आणि १० ऑगस्ट २०१० रोजी ती संपल्याचे सांगितले. भारतातील पहिला रुग्ण मे २००९ मध्ये हैदराबादेत आढळला. पहिला मृत्यू ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात झाला. पुणे हे साथीचे देशातले मुख्य केंद्र ठरले आणि खानदेशच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे. शिक्षण आणि नोकरीसाठी जळगाव, धुळे, नंदुरबारची मुले पुण्यात असतात; गणपतीला, दिवाळीला घरी येतात. दुसऱ्या बाजूला सुरत आहे. सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि सुरत-नागपूर महामार्ग तापीच्या खोऱ्यातून जातात, मुंबई-आग्रा मार्ग धुळ्यातून. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे गुजरातेत, अर्धे महाराष्ट्रात. नंदुरबारच्या डोंगरभागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी व मजुरीसाठी गुजरातेत जातात. महाराष्ट्रात या रोगाचे दोन हंगाम दिसतात, पावसाळा आणि हिवाळा. त्यातला दुसरा नेमका याच स्थलांतराच्या काळात येतो. २०१५ मध्ये देशभरात सुमारे ४२ हजार रुग्ण आणि तीन हजारांच्या जवळपास मृत्यू नोंदले गेले. गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्राला त्या वर्षी मोठा तडाखा बसला.

लक्षणे साध्या फ्लूचीच : ताप, घसा दुखणे, कोरडा खोकला, अंगदुखी, लहान मुलांत कधी उलट्या-जुलाब. बहुतेक जण आठवड्याभरात बरे होतात. म्हणून सरकारी पद्धतीत रुग्णांचे अ, ब, क असे गट केले गेले. ‘अ’ म्हणजे सौम्य, घरी विश्रांती पुरे. ‘ब’मध्ये जास्त ताप असलेले किंवा जोखमीतले, यांना तपासणीची वाट न पाहता ऑसेल्टामिव्हिर हे विषाणूरोधक औषध. ‘क’मध्ये धाप, छातीत दुखणे, गुंगी, थुंकीतून रक्त, नखे निळी पडणे, म्हणजे लगेच भरती. औषध पहिल्या ४८ तासांत मिळाले तर सर्वांत गुणकारी, आणि अडचण इथेच होती. ताप आला की गावातल्या दवाखान्यात सुई, सलाईन आणि कामावर हजर, ही जुनी सवय. त्यात हे दोन दिवस सहज निघून जातात. २००९ मध्ये कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगण्याचाही बोलबाला झाला होता. तिने विषाणू मरत नाही, पण निदान अपायही फारसा नव्हता. अपाय झाला तो वेळ गेल्याचा.

गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, मधुमेही आणि दमेकरी यांना धोका अधिक. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा भागात या यादीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्णही येतात. सिकलसेलमध्ये छातीचा संसर्ग पटकन गंभीर होतो. पाड्यावरून जिल्हा रुग्णालय गाठायलाच कित्येक तास लागतात, तिथे ‘क’ गटाचे निकष कागदावर कितीही स्पष्ट असोत.

सुरुवातीला निदानाचा मुख्य आधार पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था होती. घशातील स्रावाचा नमुना थंड पेटीत घालून तिथे पाठवायचा, अहवाल येईपर्यंत रुग्ण विलगीकरणात. कोविडच्या साथीत धुळे व जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आरटीपीसीआर प्रयोगशाळा सुरू झाल्या आणि असे नमुने तपासण्याची सोय जवळ आली.

वृद्धांविषयीचे एक निरीक्षण लक्षणीय आहे. २००९ मध्ये साठीपुढच्यांना लागण तुलनेने कमी झाली, कारण १९५७ पूर्वी फिरणाऱ्या एच१एन१च्या जुन्या प्रकारांशी त्यांचा बालपणीच सामना झाला होता. ते सारे प्रकार १९१८च्या साथीच्या विषाणूचे वंशज. ती साथ महाराष्ट्रात ‘मानमोडी’ म्हणून ओळखली जाते. २००९चा विषाणू आता मोसमी फ्लूचाच एक घटक आहे. दरवर्षीच्या फ्लूच्या लसीत त्याचा अंश असतो. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया प्रकाराऐवजी लसीत मिशिगन प्रकार घेण्यात आला (प्रकाराला तो जिथे सापडला त्या ठिकाणाचे नाव देतात).